मडके आणि फ्लॅट

शंभर रुपयांचे मडके आमची ही चारदा वाजवून घेते. जुना फ्लॅट मात्र आम्ही खिडकीतला वारा पाहून पसंत केला! ‘बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला की!’ असे म्हणू नका. मी बँकेतच खर्डेघाशी करतो, म्हणून सांगतो. त्याची फी तुम्ही भरता. तो पाहतो ते बुडाल्यास बँकेचे कर्ज वसूल होईल का, एवढेच. गळक्या मोरीशी त्याला काय कर्तव्य? सर्च रिपोर्टवाला वकील तीस वर्षांचे कागद तपासतो, भिंती नव्हे. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यातली दोषदुरुस्तीची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षे. आमची इमारत १९८८ ची! तेव्हा बाबांनो, टिचकी मारायला आपला, स्वतःचा इंजिनिअर न्या. मी त्याचे पाच हजार वाचवले. यंदाच्या पावसात ते मडके हॉलमध्ये, गळतीखाली आहे.