पुण्याचे लिबरेटर बांधा

दुसऱ्या महायुद्धातले चार इंजिनांचे बाँबर बांधायचे ठरले की आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर लँकेस्टर येते, नाहीतर बी-१७. बी-२४ लिबरेटर क्वचित दिसते आणि दिसलेच तर डब्यातली अमेरिकन डिकल लावलेले असते. आमचा आग्रह आहे की पुढचे मोठे किट लिबरेटरचे घ्या आणि ते लोहगाव तळावरच्या, आपल्या हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनचे करा.

कारण त्या विमानांसारखी कहाणी दुसऱ्या कुठल्या बाँबरला नाही. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिशांकडची इथली लिबरेटर अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिलेली होती. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून कानपूरला उभी करून मोडली गेली. कुठे पत्रा फाडला, कुठे उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू घातली. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगाऱ्यात हात घातला. एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावत ती उडण्याजोगी केली आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचवी स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली. १९५१ मध्ये पुण्याला सहावी स्क्वाड्रन सागरी टेहळणीसाठी पुन्हा उभारली गेली, तीही लिबरेटरवरच. १९६८ पर्यंत ही विमाने सेवेत होती. जगातल्या इतर हवाई दलांनी ती केव्हाच निवृत्त केली होती. सहाव्या स्क्वाड्रनचे एचई८०७ आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात आहे.

मॉडेल करणाऱ्यासाठी या इतिहासाचा अर्थ रंगकामात आहे. विमान उघड्या धातूचे, म्हणजे लपायला जागा नाही. सांध्यावर राहिलेली पुट्टीची किनार, पॉलिश पेपरचा एक ओरखडा, सगळे वर येते. शिवाय हा पत्रा एकसारखा दिसता कामा नये. जुना पत्रा, नवा पत्रा, दुरुस्तीचे ठिगळ यांच्या छटा वेगळ्या असतात. चकचकीत काळ्या बेसवर धातूचा लॅकर पातळ थरांत मारा. मग पॅनलनुसार मास्किंग करून काही भाग किंचित गडद, काही किंचित पांढरट करा. फरक हात-दोन हातांवरून जेमतेम जाणवावा. बुद्धिबळाचा पट झाला की काम फसले. एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर कापडाने मढवलेले असत. त्यांना धातूची चमक देऊ नका, साधा चंदेरी रंग आणि मंद फिनिश द्या. इतके बारकाईने बांधलेले मॉडेल या तीन जागी चुकलेले पाहिले की वाईट वाटते.

‘भंगारातून उचललेले विमान’ या कल्पनेच्या मोहात पडून कळकट मॉडेल करू नका. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही आणि स्क्वाड्रनमधले विमान रोज पुसणारे, तपासणारे हात होते. इंजिनांमागे धुराचे आणि तेलाचे माग दाखवा, चाकांवर धूळ दाखवा. बाकी हात आवरा.

बांधणी अवघड आहे, पण तिची अडचण मोजक्या ठिकाणी आहे. विमानाला पुढचे चाक आहे आणि शेपूट जड, म्हणून वजन घातले नाही तर मॉडेल मागे बसते. नाकातला बुर्ज जागा खातो. तेव्हा मासेमारीच्या जाळ्याची शिशे कॉकपिटच्या फरशीखाली भरा आणि उरलेली इंजिनांच्या मागे, नासेलमध्ये ठेवा. इंजिने मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ती जागा उपयोगी पडते. धड बंद करण्याआधी सगळे टेपने जोडून, मुख्य चाकांच्या रेषेवर तोलून बघा. दुसरी अडचण डेव्हिस पंखाची. तो अरुंद आणि लांब आहे, मूळ विमानात टोकापासून टोकापर्यंत ११० फूट. १/७२ मध्ये साडेशेहेचाळीस सेंटिमीटर, १/४८ मध्ये सत्तर, आणि हॉबी बॉसच्या १/३२ मध्ये मीटरभराहून जास्त. पंख धडावर खांद्याशी बसतो, म्हणून आतून पितळी नळी घाला, नाहीतर वर्षभरात तो झुकू लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याने हासेगावाचे १/७२ घ्यावे. मोनोग्रामचे १९७६ चे १/४८ किट जुने असले तरी आकाराने विश्वासाचे आहे. उठावाच्या पॅनल रेषा मात्र घासून पुन्हा कोराव्या लागतील.

हे लिहितो आहे ते जव्हारजवळच्या साखरशेतहून. जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, तेव्हा इथून विमानांबद्दल लिहिणे परके वाटत नाही. इथली हवा मात्र जून ते सप्टेंबर लॅकरच्या विरोधात असते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि धातूचा रंग दुधट पडतो. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या सगळ्याच वाचकांचा हा अनुभव असेल. एअरब्रशच्या नळीला ओलावा अडवणारा सापळा लावा, थिनरमध्ये रिटार्डर घाला, आणि तरीही पाऊस धरला असेल तर त्या दिवशी कॉकपिट रंगवा. दुधट पडलेच तर रिटार्डर घातलेल्या थिनरचा हलका फवारा बहुतेक वेळा ते परत आणतो. जव्हार-मोखाड्यातले बोहाडा या सणाचे मुखवटे करणारे कारागीर कागदाचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवत नाहीत, आणि तो सण होळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत येतो. लिबरेटरचे धातूकाम त्याच महिन्यांसाठी राखून ठेवा.

रंगाला हात लावण्याआधी वर्ष ठरवा. १९५० च्या आधीच्या, म्हणजे पाचव्या स्क्वाड्रनच्या, विमानावर अशोकचक्राची खूण हवी, नंतरच्यावर केशरी, पांढऱ्या, हिरव्या वर्तुळांची. सागरी टेहळणीच्या विमानांवर रडारही बसवले गेले होते. त्यामुळे पोटाखाली काय दाखवायचे आणि पंखांच्या पुढच्या कडेला काळे रबरी पट्टे होते की नाही, हे तुमच्याच क्रमांकाच्या विमानाच्या फोटोवरून ठरवा.

अडचण ते फोटो मिळण्याचीच आहे. लोहगावला काम केलेल्या मेकॅनिकांच्या, वैमानिकांच्या, रेडिओ ऑपरेटरांच्या घरी, पुण्यात, साताऱ्यात, नगरला, अल्बममध्ये एखाद्या लिबरेटरसमोर उभे राहून काढलेला फोटो असू शकतो. तुमच्या घरी किंवा शेजारी असा अल्बम असेल तर फोटो सोडवू नका, पानासकट सपाट ठेवून, उजेड बाजूने घेऊन त्याची प्रत काढा, मागे लिहिलेली तारीखही टिपा आणि घरच्यांची परवानगी घेऊन आमच्याकडे पाठवा. विमानाचा क्रमांक वाचता येत नसला तरी चालेल. पत्र्याची छटा दिसली तरी आपल्या कामाची आहे.