पंचांचा निकाल आणि फेरतपासणी

आमच्या खानदेशास कुस्तीचें वेड नवें नाहीं. चाळीसगांव तालुक्याचे विजय चौधरी यांनीं २०१४, २०१५ व २०१६ अशीं लागोपाठ तीन वर्षें महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, तेव्हांपासून तर आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत त्या गदेस फारच मोठें स्थान मिळालें आहे. म्हणूनच त्याच स्पर्धेंत २ फेब्रुवारी २०२५ रोजीं अहिल्यानगर येथें जो प्रकार घडला, त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

गादी विभागाच्या अखेरच्या लढतींत पंचांनीं शिवराज राक्षे यांस चितपट ठरवून पृथ्वीराज मोहोळ यांस विजयी केलें. आपले खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पुन्हां पाहावी, असें राक्षे यांचें म्हणणें होतें. निकाल बदलला नाहीं. आणि संतापाच्या भरांत त्यांनीं पंचांस लाथ मारली. पुढें अंतिम लढतींत महेंद्र गायकवाड हेही गुणाच्या वादावरून वेळ संपण्यापूर्वींच मैदान सोडून गेले, व गदा मोहोळांस मिळाली. दोघां नाराज मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

लाथ मारणें निंद्यच. त्यावर अधिक शब्द खर्चण्याचें कारण नाहीं. परंतु एवढेंच म्हणून जे थांबतात, त्यांनीं पंचाची अडचणही ध्यानांत घ्यावी. चितपटीचा क्षण डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच संपतो. पंच एका बाजूस असतो. दुसरा खांदा बहुधा मल्लांच्या देहाआड जातो. त्यानें तें एकदांच पाहिलें. लोकांनीं मात्र तोच क्षण मोबाइलवर थांबवून थांबवून शंभर वेळां पाहिला. ज्यास निकाल द्यावयाचा त्यालाच सर्वांत कमी दिसावें, हा कोठला न्याय?

कुस्तीचे नियमही एकट्या पंचाच्या दृष्टीवर भिस्त ठेवीत नाहींत; चितपटीस दुसऱ्या अधिकाऱ्याची संमति लागते. गुणांविषयीं वाद असल्यास आंतरराष्ट्रीय कुस्तींत प्रशिक्षक एक मऊ ठोकळा गादीवर टाकून चित्रफितीची तपासणी मागतो. आक्षेप फोल ठरला तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो व पुन्हां आक्षेपाचा हक्क उरत नाहीं. ही तजवीज आम्हांस फार मार्मिक वाटते. खऱ्या तक्रारीस तींत वाट आहे आणि रडीच्या डावास किंमत मोजावी लागते.

जानेवारी २०२३ मध्यें पुण्यास सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या माती विभागाच्या लढतींत गायकवाडांच्या बाहेरच्या टांगेस चार गुण मिळाले, आणि ते योग्य कीं अयोग्य यावर महाराष्ट्रभर काहूर माजलें. पंचास धमकीचा दूरध्वनी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. त्या वेळीं ज्यांस निकालाचा लाभ झाला तेच गायकवाड दोन वर्षांनीं निकालावर रुसून निघून गेले. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. पंचाची चूक उद्यां कोणाच्या पदरीं पडेल, हें कोणाही पहिलवानास आधीं ठाऊक नसतें. आणि म्हणूनच फेरतपासणी ही हरल्यावर मागण्याची नव्हे, लढतीपूर्वीं ठरविण्याची गोष्ट आहे.

पालकांपैकीं कांहीं म्हणतील कीं, अशानें मुलें पंचांचा मान राखणार नाहींत. आम्हांस उलट वाटतें. क्रिकेटांत पडद्यावर पाहून पंच आपला निकाल फिरवितो तेव्हां त्याची कोणी हुर्यो करीत नाहीं.

आमच्या जळगांव-धुळ्याकडील यात्रांच्या दंगलींत पडदा कोठून आणावा, अशी शंका येईल. पडदा नको. मातीच्या दोन्ही बाजूंस दोन पंच उभे करावे. विजयी पहिलवानाचा हात वर करण्यापूर्वीं त्यांनीं एकमेकांस विचारावें. मतभेद असल्यास कुस्ती पुन्हां लावावी. आणि हें सारें नारळ फुटण्यापूर्वीं, ढोल थांबवून, दोन्ही पहिलवानांस व भोंवतालच्या मंडळींस मोठ्यानें ऐकवावें. इनामाच्या रकमेंतून यास एक पैही लागणार नाहीं.