एका रात्रीत काय होतं, ते रातपाळीवाल्याला विचारा



मी सोलापुरात सूतगिरणीत रातपाळी करतो. एका रात्रीत काय होतं, ते मला विचारा. धागा तुटतो, जोडायचा. परत तुटतो, परत जोडायचा. पहाटे नाकातोंडात कापूस आणि पोटऱ्यांत गोळे घेऊन बाहेर पडायचं. बस्स.

आणि हे सांगतात, कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं! देवी खूष झाली, अज्ञातवासात कुणी ओळखणार नाही असा वर दिला म्हणे. वर खरा ठरला. पांडव सापडले नाहीत, पण डोंगर फोडणारेही कुणाला ओळखू येईनात.

देवळाला खेटूनच दोन हजार वर्षांपूर्वीचं बुद्धाचं चैत्यगृह आहे. 37 खांब. छताला लाकडाच्या कमानी, अजून शाबूत. भिंतीवर ब्राह्मी अक्षरं. तिथं धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलंय, दाराचं काम त्यानं केलं म्हणून. सुताराचं नाव, दगडात! आमच्या सुताच्या गोणीवर मालकाचा छाप असतो. माझं नाव फक्त हजेरीबुकात, तेही पेन्सिलीनं.

आता आपलंही ऐका. गेल्या साली आपली पोरं तिथं गेली, मीही होतो. रांगेत नारळ घेतलेल्या एका कोळीण म्हातारीवर आपल्यातला एकजण खेकसला, 'हे बुद्धाचं हाय, निघा इथनं.' ती एवढंच म्हणाली, 'माझी आई हाय रे ती.' मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

कोसंबींनी 1962 च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त दाखवलंय, की मातृदेवतांची ठाणी आणि लेणी जुन्या पायवाटांच्या आसपास सापडतात. म्हंजे देवी कष्टकऱ्यांची असंल, लेणं तर कष्टकऱ्यांचंच. मधे घुसले कोण? पांडव! भांडण त्या पोथीशी आहे, म्हातारीशी नाही. मी देवीपुढं हात जोडणार नाही. पण घामाच्या बाईला हाकलणारा बुद्धाचा कसा?

त्याच मुंबई-पुणे रस्त्यावर देहूरोडला 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. कुणाला हाकलून नाही.

तेव्हा घोषणा थोड्या कमी करा. ब्राह्मी शिका. सामीचं नाव त्या म्हातारीला वाचून दाखवा.

आणि कुणी 'एका रात्रीत' म्हणालं, तर त्याला माझ्या पाळीला पाठवा.

जयभीम.