सैनिकाचे मूल कुणी सांभाळायचे?

दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. 1949 पासून चालत आलेली ही प्रथा. छातीवर कागदी झेंडा लावावा, डब्यात नाणे टाकावे आणि सैनिकाचे ऋण फिटले असे समजून लोकल पकडावी, एवढाच त्या दिवसाचा अर्थ आपल्यापुरता उरला आहे. प्रजासत्ताकदिनी आपल्या ख्रिस्तमंदिरांतून देशरक्षकांसाठी प्रार्थना होते, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती उरलेल्या दिवसांविषयी.

मीरा रोडच्या रहिवाशांना 2018 चा ऑगस्ट महिना आठवत असेल. त्या महिन्याच्या 7 तारखेला काश्मीरमधील गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना मेजर कौस्तुभ राणे आणि त्यांचे तीन जवान धारातीर्थी पडले. मेजर राणे आपल्या मीरा रोडचे. त्यांच्या अंत्ययात्रेला शहर लोटले होते. पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांच्या पत्नी कनिका राणे चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या धैर्याचा गौरव झाला आणि तो सर्वथा योग्य होता. मात्र त्या धैर्याला आधार देणारी एक साधी गोष्टही होती: मागे लहानग्या मुलाला सांभाळायला घरची वडीलधारी माणसे होती. ज्या घरात ती नाहीत, त्या घराचे काय?

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे डोळ्यांपुढे आणा. कुणी गोव्याहून आलेले, कुणी मंगळूरहून, कुणी मुंबईतील चाळ सोडून येथे एक खोली जास्त मिळते म्हणून आलेले. आजी-आजोबा गावी. पती सेनादलात, सीमेवरील नेमणुकीच्या ठिकाणी कुटुंब नेता येत नाही आणि पत्नीची नोकरी मुंबईत. अशीच एक भगिनी आमच्याकडे आली होती. पती ईशान्येकडे, ती रुग्णालयात परिचारिका, मूल आठ महिन्यांचे. ज्या सदनिकेत ती मूल ठेवीत असे तेथील बाई संध्याकाळी साडेसहाला दार लावीत, आणि हिची पाळी संपून गाडी मीरा रोडला लागेपर्यंत आठ वाजत. ती आमच्याकडे पैसे मागायला आली नव्हती. त्या दीड तासासाठी आपल्या मुलाला घेऊन बसेल असे एखादे घर तिला हवे होते.

शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने प्रसूती रजा, बालसंगोपन रजा व दत्तक रजा यांचे अधिकाऱ्यांना लागू असलेले नियम सर्व हुद्द्यांच्या स्त्री-सैनिकांना लागू केले. दोन अपत्यांपर्यंत प्रत्येकी 180 दिवसांची पगारी प्रसूती रजा आणि संपूर्ण सेवेत 360 दिवसांची बालसंगोपन रजा, ही तरतूद लहान नव्हे. परंतु ती गणवेशातील स्त्रीसाठी आहे. सैनिकाच्या पत्नीला, जी खासगी कचेरीत वा शाळेत राबते, तिचा काय उपयोग? महाराष्ट्रात सैनिकांच्या मुला-मुलींसाठी शासनाची वसतिगृहे आहेत. तेथे शिकती मुले जातात, रांगती नव्हेत. 2017 साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन 50 वा अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन आले. ज्यांना हे पुरेसे वाटते त्यांनी एकदा सकाळी आठ वाजता, विरारहून भरून आलेल्या चर्चगेट लोकलमध्ये, आठ महिन्यांचे मूल कडेवर घेऊन चढून दाखवावे! पाळणाघर कचेरीजवळ असून भागत नाही, ते घराजवळ असावे लागते. 2022 पासून केंद्राची ‘पाळणा’ योजना अंगणवाडीला जोडून दिवसाला साडेसात तासांची सोय देऊ पाहते. आठ तासांची नोकरी आणि दोन-अडीच तासांचा प्रवास यांची बेरीज साडेसातात कशी बसवावी?

यावर धर्मग्रामातील काही ज्येष्ठांचे उत्तर तयार असते: आईने नोकरी सोडावी, मुलाचे स्थान आईच्या कुशीत आहे. व्यासपीठावरूनही हे अनेकदा सांगितले गेले आहे. ज्याच्यावर घरभाड्याचा बोजा नाही, त्याला ते सांगणे सोपे जाते. आणि उद्या गुरेझसारखी बातमी त्या घरी आली, तर नोकरी सोडलेल्या त्या स्त्रीला आपण कोणता सल्ला देणार आहोत?

दुसरे उत्तर असे, की हे सरकारचे काम आहे, ख्रिस्तसभेचे नव्हे. असे म्हणणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय उघडावा. यरुशलेमच्या आद्य ख्रिस्तसभेत कुरकुर उठली ती रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होत होती म्हणून. प्रेषितांनी त्या विधवांना नातलगांकडे पाठविले नाही, रोमन सुभेदाराकडेही पाठविले नाही. त्यांनी सात जण निवडले, व्यवस्था उभी केली आणि त्या सातांत स्तेफन होता. आपल्या ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी पंगतीच्या व्यवस्थेसाठी नेमला गेला होता, याचा आपल्या समित्यांना विसर पडला आहे.

‘क्रेश’ हा शब्दही पाहावा. पॅरिसमध्ये 1844 साली फिर्मँ मार्बो या गृहस्थाने राबत्या आयांच्या तान्ह्यांसाठी पहिले पाळणाघर काढले आणि त्याला हे नाव दिले. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ गव्हाण. नाताळात आपले युवक रात्र-रात्र जागून गव्हाण उभारतात, दिव्यांच्या माळा लावतात, बक्षिसे मिळवितात. त्या गव्हाणीतले बाळ मातीचे असते. त्याच आवारातला धर्मग्रामाचा हॉल सोमवार ते शुक्रवार दिवसभर कुलूपबंद असतो.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही गंभीर मानतो. मुलांच्या सुरक्षिततेचे काय? ज्या ख्रिस्तसभेच्या काही सेवकांनी जगभर बालकांचा विश्वासघात केला, तिने हा प्रश्न झटकून टाकू नये. अमेरिकेत 1980 च्या दशकात सैनिकी पाळणाघरांतच बालकांवर अत्याचार झाल्याची प्रकरणे उघडकीस आली. त्यांनी पाळणाघरे बंद केली नाहीत. 1989 साली कायदा केला: सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण व बरे वेतन, न कळविता तपासणी, आणि फी कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे. आपल्याकडे 2012 पासून पॉक्सो कायदा आहे. एकही प्रौढ व्यक्ती मुलांसोबत कधीही एकटी असणार नाही, दार उघडे राहील, आई-वडील कोणत्याही क्षणी आत येऊ शकतील आणि धर्मगुरूंकडे किल्ली नसेल, हे नियम पहिल्या दिवसापासून लेखी असावेत. सांभाळणाऱ्या स्त्रियांना पगार द्यावा. ‘सेवा’ म्हणून फुकट राबवून घेण्याची आपली जुनी खोड येथे चालणार नाही.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. हॉल सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते रात्री साडेआठपर्यंत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी उघडावा. पहिला हक्क सेनादलातील आणि बोटीवर गेलेल्यांच्या मुलांचा, मग त्यांचा धर्म कोणताही असो. परिषदेच्या एका सभासदाने विचारले, की हॉलच्या भाड्याचे उत्पन्न बुडेल त्याचे काय? लग्ने शनिवार-रविवारी होतात. मधल्या पाच दिवसांत दिवसा हॉलला भाडे किती येते, ते खजिनदारांनी पुढच्या बैठकीत वही उघडून दाखवावे.