पाच पात्यांचा ट्रॅक्टर

बॉस, आधी एक कबुली. गेली दहा वर्षं मी दाढी हा प्रकार मोबाईल चार्जिंगला लावावा तितक्याच तन्मयतेने उरकत होतो. आंघोळ झाली की जेलचा एक फुसकारा, पाच पात्यांचा रेझर खाली-वर-खाली, तोंडावर पाण्याचा हबका आणि पळा! टोटल टाइम अडीच मिनिटं. त्या बदल्यात मानेवर कायमची लाल पुरळ, जी मी ‘पुण्याचं पाणी’ या नावावर खपवत होतो.

मग या मार्चमध्ये डोंबिवलीला बाबा सोसायटीच्या जिन्यावरून घसरले. उजवं मनगट फ्रॅक्चर, प्लास्टर सहा आठवडे. फ्रीलान्सिंगचा जो काही एकुलता एक फायदा असतो तो घेऊन, म्हणजे लॅपटॉप उचलून, मी घरी मुक्कामाला गेलो. औषधं, बिलं, शर्टाची बटणं, सगळं जमलं. अडलं कुठे, तर दाढीशी. आमचे बाबा बँकेतून रिटायर झाले त्या दिवसापर्यंत आणि त्यानंतरही रोज सकाळी साडेसहाला दाढी करणारे. सलूनमध्ये जाऊ म्हटलं तर म्हणाले, ‘केस कापायला ठीक आहे. दाढी काय दुसऱ्याकडून करून घ्यायची?’ पाचव्या दिवशी मात्र आरशात बघून स्वतःच म्हणाले, ‘आजारी माणूस दिसतोय.’ रविवारी मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि तिथे त्यांना आजारी दिसायचं नव्हतं.

मी म्हटलं, एवढंच ना? माझा रेझर काढला, जेल फासलं आणि सुरुवात केली. पाच दिवसांचे पांढरे, ताठ खुंट. दुसऱ्याच फटक्याला पात्यांच्या मधल्या फटी गच्च भरल्या आणि रेझर कापायच्या ऐवजी ओढायला लागला. बाबांच्या डोळ्यांत पाणी. ‘अरे, दाढी करतोयस की शेत नांगरतोयस? तो ट्रॅक्टर ठेव बाजूला. माझं सामान आण.’

‘सामान’ म्हणजे बाथरूमच्या फळीवरची स्टीलची वाटी, तिच्यात दाढीचा चंदनी वासाचा गोल साबण, टक्कल पडत चाललेला ब्रश, तुरटीचा खडा आणि ती पितळेची जड ‘सेफ्टी’. लहानपणी हात लावला तर फटका मिळायचा ती. तीन तुकडे: वरची टोपी, मधली पट्टी आणि दांडा. मध्ये दोन्हीकडून धार असलेलं एकच ब्लेड. बस्स! जेल, स्प्रिंग, बॅटरी काही नाही.

इथे थोडा इतिहास, कारण मार्केटिंगवाल्यांना तो चुकीचा पाठ असतो. एमबीएच्या वर्गात सांगतात की किंग कॅम्प जिलेट यांनी रेझर जवळपास फुकट वाटला आणि ब्लेडवर पैसे कमावले. खरं म्हणजे 1903 मध्ये हा रेझर विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत होती पाच डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच चैन. पहिल्या वर्षी खपले 51 रेझर आणि 168 ब्लेडं. मुळात एवढा पातळ पत्रा धार टिकेल इतका कडक करायचा कसा, हेच कोडं होतं. ते सोडवलं विल्यम निकरसन या इंजिनिअरने. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांना 35 लाख रेझर आणि 3 कोटी 20 लाख ब्लेडं दिली आणि घरी परतलेल्या पोरांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली. पेटंट 1921 मध्ये संपलं, कॉपी करणारे आले आणि मग कुठे कंपनीने जुन्या पद्धतीच्या रेझरची किंमत पाडली. म्हणजे फुकटचा फंडा नंतरचा!

असो. बाबांच्या खुर्चीसमोर मी स्टूल घेऊन बसलो. पहिला धडा पाण्याचा. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दोन-तीन मिनिटं गालावर. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि कापायला जोर कमी लागतो. घाईत आपण नेमकं हेच गाळतो. दुसरा धडा फेसाचा. पहिल्यांदा माझा फेस कपडे धुण्याच्या पावडरसारखा झाला: बुडबुडे मोठे, दम शून्य. ‘पाणी झटक. ब्रश साबणावर घोळव. आणखी. आणखी.’ दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि अंगाच्या साबणात सहसा नसणारा पोटॅशचा क्षारही. म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि ओला राहतो. दह्यासारखा झाला की समजायचं जमला.

आणि मग वास. तो फेस बाबांच्या गालावर चढला आणि बाथरूममध्ये एकदम 1990 चं दशक आलं. शाळेची रिक्षा खाली हॉर्न मारतेय, आई डबा भरतेय आणि बाबा बनियनवर, एका गालावर फेस घेऊन, ‘दप्तर घेतलंस का?’ विचारतायत. गंमत म्हणजे ‘पुरुषी’ म्हणून आपण जो वास ओळखतो, त्यातला बराचसा एका फ्रेंच अत्तराच्या घराण्यातून आलाय. 1882 मध्ये उबिगाँ कंपनीने ‘फुजेर रोयाल’ काढलं. लॅव्हेंडर, ओकमॉस आणि कुमारिन, म्हणजे वाळल्या गवताचा गोडसर वास. जगभरच्या न्हाव्यांच्या दुकानांत पुढे हेच कॉम्बिनेशन घुमलं. आपल्याकडे त्या शर्यतीत चंदन आणि लिंबू हे घरचे गडी. ऑफिसात हा वास टिकेल अशी आशा ठेवू नका, तासाभरात उडतो. तो तुमच्यासाठीच असतो, लिफ्टमधल्या लोकांसाठी नाही. (आणि सेंटने त्वचा चुरचुरत असेल तर बिनवासाचा साबण घ्या, हट्ट नको.)

तिसरा धडा सगळ्यात भीतीदायक. बाबांनी हनुवटी वर केली आणि मी त्यांच्या गळ्याजवळ उघडं पातं धरलं. माझा हात थरथरत होता, त्यांचा चेहरा शांत. ‘दाबू नकोस. तिचं वजन तिचं काम करतं.’ दांडा गालापासून साधारण तीस अंशांवर ठेवायचा, केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने आखूड फटके मारायचे आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणायची. सत्तरीच्या गालाला हा ताण जरा जास्तच लागतो. तेव्हा लक्षात आलं, मोठा झाल्यापासून मी बाबांच्या चेहऱ्याला हातच लावला नव्हता. हनुवटीखाली एक जुना व्रण सापडला. विचारलं तर म्हणाले, कॉलेजात असताना सायकलवरून पडलो होतो. कुठे चाललात होतात? ‘तुझ्या आईला बघायला नव्हतो चाललो, एवढं सांगतो,’ आणि पुढे गप्प. पुढच्या दाढीला थोडं आणखी सांगितलं. त्याच्या पुढच्या दाढीला थोडं आणखी. ते सगळं इथे छापायचं नाही असं ठरलंय.

पहिल्या दिवशी दोन ठिकाणी कापलं. ओली तुरटी फिरवली, रक्त थांबलं, बाबा ‘स्स्स’ म्हणाले. लग्नात मात्र तीन जणांनी ‘काय, तब्येत मस्त दिसतेय’ म्हटलं. (रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसावर हा प्रयोग करू नका, तिथे इलेक्ट्रिक शेव्हर बरा.)

माझंही सांगतो. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतःसाठी एक साधी सेफ्टी घेतली. बहुपाती रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढतं आणि मागची तो त्वचेच्या पातळीखाली कापतात. मग कुरळा केस वर येताना आतच वळतो आणि पुरळ उठते. एकच पातं तो पृष्ठभागापाशी कापतं. मानेवरचं ‘पुण्याचं पाणी’ महिन्याभरात ओसरलं. एका कार्ट्रिजच्या पैशांत ब्लेडांचा काही महिन्यांचा साठा येतो. तोटेही आहेत. वेळ दहा मिनिटं. विमानात केबिन बॅगेत ब्लेड चालत नाही. आणि वापरलेली ब्लेडं कचऱ्यात तशीच टाकायची नाहीत. कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. जुन्या पत्र्याच्या डबीला चीर पाडून त्यात साठवा.

एप्रिलच्या शेवटी प्लास्टर निघालं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला बाथरूममधून ब्रशचा आवाज आला. मी दारात जाऊन उभा राहिलो. बाबांनी ताठरलेल्या मनगटाने सेफ्टी धरली, हळूहळू उजवा गाल केला, मग डावा. मानेशी आल्यावर हात जरा हलला. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं आणि सेफ्टी पुढे केली.

‘मानेचं तू कर.’