बिघाडाचे कारण कळले पाहिजे

घरातल्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण नेमके कुठे जाते, हा प्रश्न आता फक्त तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. ‘रिंग’ कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरांतले खासगी चित्रण पाहता येत होते, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये केला आणि कंपनीने ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वाईझ’ या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना आपल्या ॲपमध्ये परक्या घरांतली छोटी चित्रे दिसली. अशा घटनांनंतर एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक घरीच ठेवायचा, त्यावर लिनक्स आणि मोशन, झोनमाइंडर, फ्रिगेट यांपैकी एखादे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चालवायचे आणि साधे यूएसबी वेबकॅम जोडून चित्रण घरातच साठवायचे, हा पर्याय अनेकांना पटू लागला आहे. त्याचे समर्थन बहुतेक वेळा खासगीपणाच्या मुद्द्यावर होते आणि ते योग्यच आहे. परंतु या व्यवस्थेचा त्याहून मोठा आणि कमी बोलला जाणारा गुण असा, की ती बिघडली तर का बिघडली याचा माग शेवटपर्यंत काढता येतो. तो काढायला सामान्य माणसाला मदत मिळाली, तरच घरचा सर्व्हर मूठभर हौशी लोकांच्या पलीकडे जाईल.

एकाहून अधिक वेबकॅम जोडल्यावर येणारी अडचण याचे चांगले उदाहरण आहे. एक कॅमेरा सुरळीत चालतो. दुसरा किंवा तिसरा सुरू करायला गेले, की लिनक्सकडून संदेश येतो, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. हा वाचून कोणीही हार्ड डिस्क भरली असेच समजेल आणि जुने चित्रण पुसायला बसेल. डिस्कचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. जागा संपलेली असते ती यूएसबीच्या वाटेवरची. यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट आणि त्यातलाही सुमारे ८० टक्केच भाग व्हिडिओसारख्या अखंड प्रवाहांना देता येतो. कॅमेरा सुरू होतानाच आपला वाटा मागून घेतो. हे रेल्वेच्या आरक्षणासारखे आहे: प्रवासी आला नाही तरी जागा त्याच्याच नावावर राहते. ६४० बाय ४८० आकाराचे, कॉम्प्रेस न केलेले, सेकंदाला ३० फ्रेमचे चित्र जवळपास १४७ मेगाबिट खाते. या हिशेबाने दोन कॅमेरे बसायला हवेत, तिसरा बसणार नाही. पण कित्येक वेबकॅम गरजेपेक्षा जास्त जागा मागतात, त्यामुळे दुसराच अडतो. १०८० पी आकाराचे कॉम्प्रेस न केलेले चित्र याच वेगाने पाठवायचे तर एकाच कॅमेऱ्याला जवळपास १००० मेगाबिट लागतील. म्हणजे ते या वाटेवरून जाऊच शकत नाही.

खरे कारण कळले की उपायही सरळ दिसू लागतात आणि निरुपयोगी खर्च टळतो. पोर्ट कमी पडतात म्हणून हब आणला जातो. हबमुळे पोर्ट वाढतात, वाट रुंद होत नाही. रास्पबेरी पाय ४ वर चार पोर्ट आहेत, त्यांतले दोन यूएसबी ३.० चे, तरीही यूएसबी २.० च्या कॅमेऱ्यांसाठी त्या चारही पोर्टांमागे ४८० मेगाबिटची एकच वाट आहे. ‘एलएसयूएसबी’ ही कमांड ‘-टी’ जोडून चालवली, की कोणता कॅमेरा कोणत्या वाटेवर आहे याची वंशावळच समोर येते. मग चित्राचा आकार किंवा फ्रेमची संख्या कमी करता येते, एमजेपेग हा कॉम्प्रेस केलेल्या चित्राचा प्रकार निवडता येतो, एखादा कॅमेरा संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी कंट्रोलरवर हलवता येतो. एमजेपेग घेऊनही जागा पुरेल याची खात्री नाही, कारण काही कॅमेरे तेव्हाही पूर्वीइतकीच जागा अडवून बसतात. वेबकॅमसाठी लिनक्समध्ये जो ‘यूव्हीसीव्हिडिओ’ ड्रायव्हर आहे, त्यात प्रत्यक्ष गरज मोजून तेवढीच जागा मागण्याची सोय आहे. ती कॉम्प्रेस न केलेल्या चित्रांनाच लागू पडते. नावांचा घोळही असाच. कॅमेऱ्यांना मिळणारे ‘व्हिडिओ०’, ‘व्हिडिओ२’ असे क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात आणि अंगणाच्या जागी स्वयंपाकघर दिसू लागते. त्याऐवजी पोर्टच्या जागेवरून ठरणारे ‘बाय-पाथ’ नाव वापरले, तर एकाच कंपनीचे सारखेच कॅमेरे असले तरी गल्लत होत नाही. कॅमेरा त्याच पोर्टवर ठेवला म्हणजे झाले.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसाने हे सारे का शिकावे? बाजारातला तयार कॅमेरा पाच मिनिटांत सुरू होतो. हा आक्षेप रास्त आहे आणि प्रत्येकाने लिनक्स शिकावे असा आग्रह कोणी धरू नये. मुद्दा असा, की प्रत्येकाला स्वतः मोटार दुरुस्त करता आली नाही तरी गावातल्या मेकॅनिकला बॉनेट उघडता आलेच पाहिजे. कंपनीच्या क्लाउडवर चालणारा कॅमेरा बंद पडला, तर गावातल्या हुशार तंत्रज्ञाच्याही हाती ‘पुन्हा सुरू करून पाहा’ एवढाच सल्ला उरतो. चूक नेटची, ॲपची की कंपनीच्या सर्व्हरची हे तपासायची सोयच नसते. मुक्त व्यवस्थेत ड्रायव्हरचा स्रोत, नोंदी आणि तपासणीची साधने सगळ्यांसाठी खुली असतात. ज्ञान स्थानिक पातळीवर साठते आणि दुरुस्तीचा पैसाही तिथेच फिरतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. दिशाभूल करणारा तो संदेश मुक्त स्रोतवाल्यांनीच तर लिहिला आहे! हे मान्यच केले पाहिजे. त्रुटींचे ठरावीक संकेत जुन्या काळापासून चालत आलेले आहेत आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, डिस्क भरल्याचाच संकेत यूएसबीच्या वाटेसाठीही वापरला. कर्नलमधला संकेत बदलणे सोपे नसेल. पण त्यावर चालणाऱ्या कॅमेरा सॉफ्टवेअरला हा संकेत ओळखून ‘यूएसबीवर जागा नाही, चित्राचा आकार कमी करा किंवा कॅमेरा दुसऱ्या कंट्रोलरवर लावा’ असे दोन ओळींत सांगता येईल. हे काम फार अवघड नाही आणि आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून ते घेता येईल. मार्गदर्शन मराठीतही हवे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने लिनक्ससह अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीत आणून दाखवले आहेत. त्याच धर्तीवर, बिघाड टप्प्याटप्प्याने कसा शोधावा याचे धडे आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत शिकवायला हवेत. आधी वीजपुरवठा, मग वाट, मग नाव, शेवटी सॉफ्टवेअर, हा क्रम एकदा अंगवळणी पडला की तो प्रिंटरपासून सोलर इन्व्हर्टरपर्यंत कुठेही कामी येतो.

यूएसबी वेबकॅमच वापरावेत असा याचा अर्थ नाही. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपलीकडे नेता येत नाही. अंगण, गोठा, गोदाम इथे नेटवर्कवरचा कॅमेरा केव्हाही बरा, फक्त तो क्लाउडशिवाय चालणारा हवा. साधन कोणतेही निवडा, कसोटी तीच ठेवा. कॅमेरा घेताना किंमत आणि मेगापिक्सेल विचारतोच. त्यांच्या जोडीने दुकानदाराला हेही विचारावे, की हा बंद पडला तर कारण कोण सांगेल आणि ते कारण आम्हाला पडताळून पाहता येईल का. पुरेशा ग्राहकांनी हा प्रश्न लावून धरला, तर कंपन्यांना त्याचे उत्तर द्यावेच लागेल.