स्वाक्षरी आणि संमती

भिलाईचे रूळ प्रांत जोडतात. राष्ट्रे जोडावयास मात्र नागरिकांची संमती लागते. जून २०१५ मध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी थिंफू येथे मोटार वाहतूक करारावर स्वाक्षऱ्या केल्या. परंतु परदेशी मालमोटारींच्या धास्तीने भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने पुढील वर्षी तो फेटाळला. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला दख्खनची संस्थाने आठवतात. औंध, भोर, फलटणच्या अधिपतींनी आपसांत संघराज्याचा करार केला होता. प्रजा परिषदेने मात्र विलीनीकरणाचा आग्रह धरला आणि ८ मार्च १९४८ रोजी ती मुंबई प्रांतात सामील झाली. तेथे प्रजा राजांच्या पुढे होती. थिंफूत सरकारे प्रजेच्या पुढे धावली. थोरला शेजारी म्हणून भारताने करारापूर्वी छोट्या देशांतील नागरिकांचे म्हणणे ऐकावे. प्रशासनात असताना मीही स्वाक्षरीलाच संमती समजत असे.